मालकांगणीला थंडी वाजत नाही

शकुन, थंडी पडली आहे आणि तुझ्या बाटलीतलं तेल गोठलं आहे. आता तू म्हणशील, गोठलं तर चुलीपाशी ठेव, त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे! आहे. बस जरा. जन्मभर तू बोललीस आणि मी मध्ये तोंड घातलं, आज उलटं होऊ दे.

तुझी तेरवी होऊन गेली. तुझ्या नवऱ्याने, दिलीपभाऊंनी, राइस मिलची ड्युटी पुन्हा धरली, पाहुणे आपापल्या गावी गेले. तुझ्या घरापुढच्या छपरीत ट्यूशनचे पोट्टे ज्यांवर बसायचे ते पाट भिंतीला उभे करून ठेवले आहेत. शाळेतून आले की माझे पाय अजून आधी तुझ्याच फाटकाकडे वळतात. मग आठवतं, आणि मी मुकाट्याने शेजारचं माझं कुलूप उघडते. तू गेलीस त्या सकाळी डोकं दुखतं म्हणून कपाळाला फडकं बांधून फिरत होतीस. मी म्हटलं, दवाखान्यात जा. तू म्हणालीस, "तू जाय शाळेत, लेट होऊन राहिली." हे आपलं शेवटचं बोलणं. परत आले तर तुझ्या दारात माणसंच माणसं. जाताना धड भांडलीसुद्धा नाहीस माझ्याशी.

आणि भांडण तर आपलं केवढं जुनं! तुझी रोशनी दुसरीत होती. तिच्या मॅडमनी तुला शाळेत बोलावून सांगितलं, पोरीचं ध्यान कशातच लागत नाही, हिला आधी एका जागी बसायला शिकवा. तू घरी आलीस ती लाल डोळ्यांनी. पोरगी तशी होतीच, मीही पाहत होते. पाटी घेऊन बसली की पाटीवरची मुंगी दिसायची, मुंगीमागे अंगणात जायची, अंगणात गेली की कोणाची तरी बकरी. दुसऱ्या दिवशी रोशनीला माझ्याकडे ठेवून तू देवरीची बस धरलीस आणि पुढे चिचगडला, आईकडे गेलीस. तू येईपर्यंत ती तुमच्या फाटकाला लोंबकळून उभी होती. जेवायला बोलावलं, आली नाही. एवढा वेळ एका जागी मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

तू आलीस ती पिशवीभर मालकांगणीचं बी घेऊन. जंगलातल्या वेलीचं बी, त्याचं तेल बुद्धीसाठी द्यायचं, हे सगळं तू रस्त्यावरूनच ओरडत आलीस. "आमच्याकडे पढाईवाल्या पोराले हेच देतेत, सायन्सवाली! तुह्या पुस्तकात नसन ते." मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून तुझ्यासाठी मी जन्माची सायन्सवाली. माझं नाव उषा आहे हे तुला फक्त हळदीकुंकवाला चारचौघींत आठवायचं.

घाणीवरून तेल काढून आणलंस. लालसर, जाड, आणि वास असा की माशी फिरकू नये. मी बोट बुडवून जिभेला लावलं, तर जीभ दिवसभर कडू आणि घशात आग. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, पुन्हा म्हणून ते तेल चाखलं नाही. हे ध्यानात ठेव, पुढे त्याचं काम आहे.

मग तू ती युक्ती काढलीस. बताशा घ्यायचा, त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा, आणि बताशा जिभेवर ठेवायचा. चावायचा नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही, तुझ्या कपाळावरच्या त्या रुपयाएवढ्या टिकलीकडे पाहत राहायचं. कोणी कुर्रम करून चावला की तू म्हणायचीस, "काऊन रे, ध्यान पायजे का ध्यान व्हायचं आहे?" चावणाऱ्याला मग त्या दिवसभर सगळे 'ध्यान' म्हणायचे. बाकीच्यांच्या तोंडात बताशा, त्यांना धड हसताही यायचं नाही, नुसते गाल फुगायचे.

आणि रोशनी बसली! आधी बताशापुरती, मग एक पान, मग अख्खा धडा. शेजारच्या बायांनी पाहिलं, त्यांनी आपले पोट्टे धाडले, आणि तुझी ट्यूशन अशी आपोआप उभी राहिली. "शकुनबाईच्या दवाईनं पोट्टे उगेमुगे बसतेत," असं आपल्या फुलचूर गावभर झालं. गोंदियातल्या बाया स्कूटीवरून पोरं आणून सोडू लागल्या. एक जण मला फाटकात भेटली तर मलाच पटवून देत होती, "दीदी, असर तो है."

असर आहे, हे मीही मान्य करत होते. भांडण होतं ते असर कशाचा यावर. मी म्हणायचे, तेलाचा नाही, शकुन. तू त्यांच्या समोर बसतेस, त्यांच्याकडे पाहतेस, त्यांचं अर्धंमुर्धं बोलणं पुरं होऊ देतेस, त्याचा आहे. घरी त्यांच्याकडे पाहतं कोण? आई टीव्हीकडे, बाप मोबाइलकडे. तू म्हणायचीस, "मंग मी नुसती टिकली लावून बसली असती, जंगलातून बी कायले आणलं असतं?" मी म्हणायचे, टिकलीच विक, तेल राहू दे. तू म्हणायचीस, "तुह्या वर्गात पोट्टे झोपतेत म्हणतेत. तिथं काऊन नाही दाखवत टिकली?" हे मला झोंबायचं, कारण झोपायचे खरे.

एकदा मी रीतसर प्रयोग मांडला. अर्ध्या पोरांना मालकांगणी, अर्ध्यांना साधं जवसाचं तेल, कोणाला काय ते पोरांना सांगायचं नाही, मग पाहू कोण बसतं. तू अशी भडकलीस, बाप्पा! "माह्या पोट्ट्यांवर प्रयोग? तुह्या लॅबमधले बेडूक आहेत काय ते?" पुढे कितीतरी दिवस मला चहा विचारला नाहीस. मी येऊन बसायचे, तू माझ्यासमोर एकटीच चहा प्यायचीस आणि मुद्दाम फुर्र आवाज करायचीस.

मग तू देवरीला लग्नाला गेलीस आणि ट्यूशन माझ्या गळ्यात घातलीस. तेच तेल, तेच बताशे, तेच पाट. पोट्ट्यांनी पहिल्या मिनिटाला बताशे चावले, दुसऱ्या मिनिटाला अंगणात पळाले, आणि एकीने तर मला येऊन विचारलं, "मॅडम, अजून एक देता काय, बिना तेलाचा?" तू परत आलीस तेव्हा मी विजयी वीरासारखी बसले होते. म्हटलं, बघ, सगळं होतं, फक्त तू नव्हतीस. सिद्ध झालं की नाही? तू हसून हसून खालीच बसलीस. "तू होती ना! तुह्याच्यानं तेलाचाबी असर पळाला."

त्यानंतर सोनीची भानगड झाली. ट्यूशनची लहानगी पोरगी, तेलाचा बताशा खाऊन घरी गेली आणि तिच्या पोटात आग पडली, रात्री ओकली. सकाळी तिची आई तुझ्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलून गेली. ती गेल्यावर मीही सोडलं नाही तुला. इवल्याशा पोरांना असलं जहाल तेल देऊ नकोस, उद्या एखाद्याला जास्त झालं तर कोण निस्तरेल, असं बरंच. तू बताशांचा डबा उचलून आत गेलीस. मग काही दिवसांनी म्हणालीस, "कमी केलं मी." बताशावरचा थेंब मला फिकट दिसायला लागला होता, मी समजले, खरंच कमी केलंय. सोनीही पुन्हा येऊ लागली.

त्याच थंडीत ती बाटली चुलीपाशी आली. औषधाची तपकिरी बाटली, आणि तिला रोशनीचा लहानपणीचा लोकरी मोजा चढवलेला. मी विचारलं, हे काय नवीन? तू म्हणालीस, "जंगलचं तेल आहे वो, त्याले थंडी वाजते." मी म्हटलं, मग कानटोपीही विण, शिंक आली तर निलगिरी लाव. दर थंडीला तो मोजा चढायचा, आणि दर थंडीला माझा तोच विनोद. विज्ञान शिकवते मी, शकुन. कोणता पदार्थ कधी गोठतो, हा धडा दरवर्षी फळ्यावर लिहून घेते.

रोशनी यंदा दहावीला आहे. हे तुला सांगायला नको, तुझ्या डोक्यात वर्षभर दुसरं काही नव्हतंच. तू स्वतः दहावीत गणितात अडकलीस, मग लग्न झालं आणि ते तिथंच राहिलं. ट्यूशन चौथीपर्यंतच का घेता, असं कोणी विचारलं की तू पदराशी चाळा करायचीस. मला म्हणायचीस, "माह्या पोरीनं दहावी काढली पायजे, बस. मंग मी मरायले मोकळी." बोलायची पद्धत असते माणसाची. तुला एवढी घाई कोणी सांगितली होती?

आता ती माझ्याकडे बसते. पुस्तक उघडते आणि तेच पान उघडं राहतं. लहानपणी तिचं ध्यान दहा ठिकाणी असायचं, आता एकाही ठिकाणी नाही. मुंगी गेली तरी पाहत नाही. तुझ्या तेरवीनंतर एका संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, आईची दवाई द्या ना. मले ध्यान लागून नाही राहिलं."

बाटली माझ्याकडेच होती. दिलीपभाऊंनी मोज्यासकट आणून दिली होती, "तुमीच ठेवा, माह्याच्यानं पाहवत नाही," म्हणाले. मी बशीत बताशा ठेवला, बाटली तिरपी केली. थेंब पडेना. उलटी केली, तरी पडेना. काडी घातली तर काडीला तुपासारखं पिवळट घट्ट काही आलं. आणि वास! तो वास मी ओळखला, शकुन. माझ्या सासूबाईंच्या टाचांचा वास. टोरीचं तेल! मोहाच्या बियांचं, थंडीत भेगांना चोळायला आपल्याकडे घरोघर असतं ते, तुमच्याकडे तर भाजीतही पडतं. रोशनी समोर होती म्हणून मी तोंड मिटून राहिले. बाटली गरम पाण्यात धरली, थेंब पाडला आणि बताशा तिला दिला.

तरी मला वाटलं, ही एवढीच बाटली चुकली असेल. घाणीवाल्याने घोळ केला असेल. म्हणून बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून खरी मालकांगणी आणली, दोन वाट्यांत दोन तेलं घेतली आणि रात्रभर उघड्यावर ठेवली. सकाळी तुझी वाटी दगड झाली होती. मालकांगणी तळाशी थोडा गाळ धरून होती, बाकी जशीच्या तशी, पातळ. मालकांगणीला थंडी वाजत नाही, बाई. आणि तू तर मोजा दर थंडीला चढवत होतीस, सोनी ओकली त्या सालापासून.

म्हणजे तुला माहीत होतं! ते जहाल तेल तू तेव्हाच टाकून दिलंस, कोणाला न बाधणारं घरचं तेल बाटलीत भरलंस, आणि पोट्टे तरी बसतच राहिले. मी पुन्हा एकदा चाखलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. ज्या प्रयोगापायी माझा चहा तोडला होतास तो तू स्वतः केलास, सगळ्यांवर, वर्षानुवर्षं, आणि निकाल मला सांगितला नाहीस. असं करतात का? मी वाद कधीच जिंकले होते आणि रोज संध्याकाळी तुझ्या छपरीत बसून हरत होते! असा राग आला मला की मी आपल्या दोन अंगणांमधल्या भिंतीपाशी गेले आणि "ए शकुन!" म्हणून जोरात हाक मारली. हाक मारून झाल्यावर कळलं. मग तिथेच धुण्याच्या दगडावर बसून रडले.

कायले नाही सांगितलं? हेच डोक्यात फिरतं. मी मिरवीन म्हणून? मिरवलंच असतं, गल्लीभर मिरवलं असतं. की त्या बायांसाठी? त्यांना दवाई हवी होती. "मी काही देत नाही, नुसती तुमच्या पोरांकडे पाहत बसते," असं म्हणाली असतीस, तर स्कूटीवरून पोरं आणून सोडली असती का कोणी, दहावी नापास बाईच्या छपरीत? तेल होतं म्हणून तुझा मान होता, आणि मी मूर्ख रोज येऊन तेच तेल खोटं पाडायला बघत होते. की तुला वाटलं, भांडण मिटलं तर ही सायन्सवाली यायची बंद होईल? आली असती वो, शकुन. तुझा चहा म्हणजे नुसता पाक, तरी आली असती. हे एकदा तोंडाने बोलायचं राहून गेलं.

जिंकून मला काय मिळालं, ते ऐक. तू खरी असतीस तर आज बाटली होती. बाटली संपली असती तर चिचगडच्या जंगलात वेल होती, घाणी होती. मी खरी निघाले, म्हणून काहीच उरलं नाही. असर तुझा होता, आणि तुला आम्ही पोचवून आलो.

मी हात बांधून बसलेली नाही. खरी मालकांगणीसुद्धा दिली तिला, मोठी झाली आहे आता, सोसेल म्हणून. तोंड वाकडं करून घेतली, फरक काही पडला नाही. मेडिकलमधून ब्राह्मीचं सिरप आणलं, ते गोड लागतं म्हणाली, बस. डॉक्टर म्हणाले, आई गेली आहे, वेळ द्या. वेळ कुठून देऊ? परीक्षा तोंडावर आली आहे. सराव परीक्षेत तिने गणिताचा पेपर जवळजवळ कोराच दिला. तेच गणित, शकुन, तुझंच. एक दिवस मी तुझ्याएवढी टिकली लावून तिच्यासमोर बसले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमची टिकली वाकडी आहे." दोघींनाही हसू येणार होतं, आलं नाही. मी तिच्याकडे पाहते तेव्हा समजलं की नाही हे तपासत असते, मास्तरीण आहे मी. तू कशी पाहायचीस ते मला जमत नाही, आणि शिकवायला तू नाहीस.

खरं काय ते तिला सांगितलेलं नाही. काय सांगू? तुझी दवाई म्हणजे आई होती, ती संपली? रोज संध्याकाळी ती मागते, मी बाटली गरम पाण्यात धरते, मोजा पुन्हा चढवते, आणि मनात म्हणते, लाग बाई, आज तरी लाग.

काल म्हणाली, "आपल्या छपरीत बसू." मी तिचा पाट काढून दिला. तुझी जागा मोकळी सोडून मी बाजूला बसले. दिवेलागणीची वेळ होती, पुस्तक मांडीवर, बताशा जिभेवर. तिने चावला नाही. मान वर करून समोर पाहत बसली, एकदाही हलली नाही. बताशा केव्हाच विरघळला असणार, तरी ती तशीच. मुंगी चढली पायावर, झटकली नाही. मला इतकं बरं वाटलं, शकुन, की मी मनात तुझी माफी मागितली. म्हटलं, टोरीचं तर टोरीचं, तूच खरी, मी हरले. मग ती पाहते कुठे म्हणून मीही मान वळवली.

ध्यान लागलंय पोरीचं. फाटकाकडे लागलंय, हटत नाही.